आठ मिलीसेकंदांचं भांडण

आधीच एक कबुली देतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय दहावीपर्यंत होता, पण परीक्षेच्या आदल्या रात्री 'पावसाळ्यातील एक दिवस' पाठ करून जाणाऱ्यांपैकी मी. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागात माझं नाव बघून सगळ्यात आधी आमची आईच हसेल. पण हा लेख मराठीतच लिहायचा अशी अट होती, आणि ती अट घालणारा माझा रूम पार्टनर होता. का, ते शेवटी कळेलच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पदरात घ्याव्यात.

तर झालं असं. गेल्या सेमिस्टरला टेक फेस्टमध्ये काउंटर-स्ट्राइकची लॅन टुर्नामेंट होती. फायनलला एकीकडे आमच्या विंगची टीम, दुसरीकडे मेकॅनिकलची. आम्ही १६-९ ने हरलो. आता हरल्यावर माणसाला कारण लागतं, आणि मला ते टेबलाच्या मागे सापडलं. आमच्या रांगेतल्या पाच पीसींना नवे कोरे यूएसबी कीबोर्ड होते. समोरच्या रांगेला जुने, पिवळट पडलेले, जांभळ्या गोल पिनेचे पीएस/२ कीबोर्ड. आणि आदल्या रात्री जागून ही सगळी मांडणी केली कुणी? माझ्याच रूम पार्टनरनं. तो इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि फेस्टच्या कमिटीवर.

रात्री मेसमध्ये मी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोललो, "पीएस/२ फास्ट असतो हे फर्स्ट इयरच्या पोरालाही माहितीये. यानं मुद्दाम आम्हाला स्लो कीबोर्ड दिले."

'मुद्दाम' हा शब्द मी वापरायला नको होता. तोपर्यंत भांडण टेक्निकल होतं, त्या एका शब्दानं ते पर्सनल झालं. पार्टनरनं ताट खाली ठेवलं, "सिद्ध करून दाखव" एवढंच म्हणाला आणि न जेवता उठून गेला. पुढचे एकोणीस दिवस आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसं राहत होती आणि त्यांच्यात एकच संवाद व्हायचा: "लाइट बंद करू?" "कर."

बाहेर मात्र वाद जोरात होता. हॉस्टेलच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे यूएसबीला लॅग असतो, दुसरी म्हणे तो तुमच्या मनात असतो. शंभरेक मेसेज झाले असतील. त्यात टोमणे होते, जुनी उणीदुणी होती, एकमेकांच्या ब्रँचचा उद्धार होता. मोजलेला आकडा मात्र एकही नव्हता. आपण सगळे होऊ घातलेले इंजिनिअर, हे वेगळं सांगायला नको!

पंगत आणि वाढपी

माझी बाजू अगदीच हवेतली नव्हती, म्हणून आधी ती सांगतो.

पीएस/२ हे नाव आयबीएमच्या १९८७ सालच्या 'पर्सनल सिस्टिम/२' या कॉम्प्युटरवरून आलं. या पद्धतीत कीबोर्ड स्वतः बोलायला सुरुवात करतो. तुम्ही कळ दाबली की तो आपलं क्लॉक चालू करतो आणि ११ बिट्स पाठवतो: एक स्टार्ट, आठ डेटाचे, एक पॅरिटी आणि एक स्टॉप. क्लॉकचा वेग १० ते १६.७ किलोहर्ट्झच्या मध्ये कुठेतरी असतो, म्हणजे ११ बिट्सना साधारण ०.७ ते १.१ मिलीसेकंद लागतात. बाइट पोचला की प्रोसेसरला इंटरप्ट जातो: हातातलं काम ठेव, कळ आलीये.

यूएसबीचं तसं नाही. यूएसबी १.० जानेवारी १९९६ मध्ये आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींमध्ये अजय भट्ट हे प्रमुख नाव, आणि त्यांची इंजिनिअरिंगची डिग्री बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची आहे. कॉम्प्युटरच्या मागे प्रत्येक वस्तूसाठी वेगळं भोक असायचं, त्याऐवजी सगळ्यांना एकच असावं हा त्यामागचा विचार. एका कंट्रोलरवर १२७ पर्यंत डिव्हाइस लावता येतात. पण मग त्यातलं प्रत्येक जण हवं तेव्हा बोलायला लागलं तर नुसता गोंगाट होईल. म्हणून नियम असा केला की कॉम्प्युटरनं विचारल्याशिवाय कुणीही बोलायचं नाही.

हे मला सगळ्यात चांगलं समजलं ते लग्नाच्या पंगतीवरून. पीएस/२ म्हणजे घरी जेवायला बसलेला मुलगा. आमटी संपली की तो हाक मारतो, "आई, आमटी!" आणि आई हातातलं काम टाकून येते. यूएसबी म्हणजे पंगत. वाढपी बादली घेऊन रांगेतून फिरतोय. तुमची आमटी आत्ता संपली असेल, पण तो तुमच्यासमोर येऊन "आमटी?" असं विचारेपर्यंत तुम्ही गप्प बसायचं. तो नुकताच पुढे गेला असेल तर पूर्ण फेरी थांबायचं, आणि यायलाच लागला असेल तर लगेच मिळेल.

गंमत म्हणजे यूएसबीच्या नियमांत या प्रकाराचं नाव 'इंटरप्ट ट्रान्सफर' असं आहे, पण त्यात कीबोर्ड कुणालाही इंटरप्ट करत नाही. नावावर जाऊ नका.

आता ही फेरी किती वेळानं होते? साधे कीबोर्ड 'लो स्पीड' गटात येतात, म्हणजे सेकंदाला १.५ मेगाबिट. या गटातल्या डिव्हाइसला 'मला दर दहा मिलीसेकंदांनी विचार' एवढीच मागणी करता येते, त्याहून कमी नाही. विंडोज आणि लिनक्स हा आकडा दोनाच्या घातावर खाली आणतात, म्हणून प्रत्यक्षात दर ८ मिलीसेकंदांनी विचारणा होते. हेच ते सेकंदाला १२५ वेळा. कळ या फेरीच्या मध्ये कधीही दाबली जाऊ शकते, त्यामुळे नशीब चांगलं असेल तर शून्य, वाईट असेल तर ८, आणि सरासरी ४ मिलीसेकंद थांबावं लागतं. 'फुल स्पीड' कीबोर्डला १ मिलीसेकंदाची फेरी मागता येते, तिथे ही सरासरी अर्ध्या मिलीसेकंदावर येते. 'हाय स्पीड'मध्ये फेरी १२५ मायक्रोसेकंदांपर्यंत खाली जाते. दुकानातल्या खोक्यावर मोठ्या अक्षरात '८००० हर्ट्झ' लिहिलेलं असतं ते हेच.

म्हणजे बघा, पीएस/२ ला साधारण १ मिलीसेकंद, साध्या यूएसबीला सरासरी ४. मी मेसमध्ये जे बोललो ते आकड्यांनुसार बरोबरच होतं! निदान मला तसं वाटत होतं.

काकांचा प्रश्न

एकोणिसाव्या दिवशी मी मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये गेलो. सिद्ध करायचंच तर मोजमाप करून करू, असा विचार होता. आमच्या लॅबमधले काका निवृत्तीला आलेत. कुठल्या पीसीचा कुठला पंखा आवाज करतो हे त्यांना तोंडपाठ. मी त्यांना सगळी कहाणी सांगितली आणि जुना पीएस/२ कीबोर्ड मागितला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "तुमच्या त्या खेळात गोळी कशानं मारतात रे?"

मी म्हटलं, "माऊसनं."

"माऊस कुठले होते?"

"दोन्हीकडे सारखेच. यूएसबी."

"मग कीबोर्डचं काय घेऊन बसलायस?"

मी जरा चुळबुळलो. मग त्यांना समजावलं की पळणं, थांबणं, वळणं हे सगळं कीबोर्डवर असतं, आणि गोळी नीट लागायला आधी थांबावं लागतं, त्यामुळे कीबोर्डचाही संबंध आहेच. काकांनी मान डोलावली, पण त्यांना पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर, बोलता बोलता मलाही नीटसं पटत नव्हतं. पण इतक्या लांब आल्यावर परत कसं जाणार?

काकांनी कपाटातून तीन कीबोर्ड काढले. एक फायनलमध्ये समोरच्या रांगेला होता तो पिवळा पीएस/२, एक आमच्या रांगेतला यूएसबी, आणि तिसरा दुसऱ्याच कंपनीचा आणखी एक पीएस/२. वर म्हणाले, "कळ दाबल्यावर आत काय होतं ते आधी बघ. वायरीवर नंतर ये."

वायरीच्या आधी आणि नंतर

इथे माझं अज्ञान उघडं पडलं. मी आणि ग्रुपवरचे सगळे जण भांडत होतो ते फक्त वायरीवर. बोटापासून स्क्रीनपर्यंतच्या रस्त्यात वायर हा एक छोटासा तुकडा आहे. पूर्ण रस्ता असा:

१) बोट कळीला लागतं आणि कळ खाली जाते. कॉन्टॅक्ट अर्ध्या वाटेवर किंवा तळाशी होतो. हा प्रवासही वेळ खातोच.

२) कॉन्टॅक्ट होतो, पण एकदम होत नाही. टेबलावर टाकलेली गोटी जशी टप-टप-टप करून स्थिरावते, तसा तो काही क्षण जुळतो-तुटतो. याला बाउन्स म्हणतात. कीबोर्डमधल्या चिपनं हे सगळं खरं मानलं तर एका 'क'चे चार 'क' उमटतील. म्हणून ती थोडी वाट बघते. हे डिबाउन्सिंग. हौशी लोक स्वतःचे कीबोर्ड बनवायला क्यूएमके हे फर्मवेअर वापरतात, त्यात ही वाट बघण्याची मूळ सेटिंग ५ मिलीसेकंदांची असते. काही कीबोर्ड पहिल्याच स्पर्शाला निरोप पाठवतात आणि नंतरच्या टप-टपकडे कानाडोळा करतात. ते अर्थातच फास्ट.

३) शंभराहून जास्त कळा, पण प्रत्येकीला वेगळी वायर नसते. कळा आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत बसवलेल्या असतात आणि चिप एकेक ओळ तपासत जाते. म्हणजे कीबोर्डच्या पोटातही एक वाढपी फिरतोय! पीएस/२ वाला मुलगा आईला लगेच हाक मारतो हे खरं, पण आपली वाटी रिकामी झाली हे त्यालाच उशिरा कळतं.

४) मग आपली ती वायर. भांडणाचं मूळ.

५) मग ऑपरेटिंग सिस्टिम आणि गेम. गेम प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला 'काय दाबलंय?' असं बघतो. इथेही फेरी आलीच.

६) शेवटी मॉनिटर. साधा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलीसेकंद. तेही वरून खाली रंगवत. स्क्रीनच्या मधोमध जे दिसायचं ते वरच्या कडेपेक्षा ८ मिलीसेकंद उशिरा दिसतं.

बघा, ज्या चार मिलीसेकंदांवरून मी मित्राला बेइमान म्हटलं, तेवढा फरक स्क्रीनच्या वरच्या आणि मधल्या भागातसुद्धा असतो, किंबहुना त्याच्या दुप्पट.

हे सगळं आमच्याच खोलीत पहिल्यांदा उमगलं असंही नाही. डॅन लू या इंजिनिअरनं २०१७ मध्ये बरेच कीबोर्ड मोजले होते. बोट हलायला लागल्यापासून यूएसबीच्या वायरीवर निरोप निघेपर्यंत त्याला १५ ते ६० मिलीसेकंद मिळाले. यूएसबी तर सगळेच होते, तरी चौपट फरक. त्यानं पूर्ण कॉम्प्युटरही मोजले, तेव्हा कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत सगळ्यात कमी वेळ घेणारा निघाला १९८३ सालचा ॲपल टू-ई. फक्त ३० मिलीसेकंद. मधे फारशी कामं करणारं कुणी नाही, त्यामुळे निरोप थेट जातो. आपल्या सरकारी कार्यालयांनी यातून काही शिकावं असं मी म्हणणार नाही.

मोजणी

काकांनी सांगितलेली युक्ती साधी होती. दोन जोड्यांचं पुश बटण घ्यायचं, म्हणजे एकदा दाबलं की दोन वेगळी सर्किट्स बरोबर जुळतात. एक जोडी कीबोर्ड उघडून 'के' कळीच्या दोन टोकांना सोल्डर केली. दुसऱ्या जोडीवर एक एलईडी लावला आणि तिथूनच वायर लॉजिक ॲनालायझरला नेली. आता बटण दाबलं की कीबोर्डला वाटणार 'के' दाबली, आणि ॲनालायझरला कळणार की घड्याळ इथून सुरू. ॲनालायझरचे दुसरे चॅनेल कीबोर्डच्या वायरींवर लावले, म्हणजे निरोप कधी निघाला तेही दिसेल.

सोल्डरिंग मला जमत नाही. मी कॉम्प्युटरचा, आमचा सोल्डरिंगशी संबंध फर्स्ट इयरच्या वर्कशॉपपुरता. दोन वेळा कीबोर्डचा थर जळाला. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "हे तुझ्या पार्टनरचं काम आहे. त्याला बोलव." मी म्हटलं, तो नाही येणार. काकांनीच त्याला फोन केला. माझं नाव सांगितलं नाही.

पार्टनर आला, मला बघितलं, दारात थांबला. मग टेबलावरचं जळकं सोल्डरिंग बघितलं. आमच्या मैत्रीपेक्षा ते जळकं सोल्डरिंग त्याला सहन झालं नसावं, कारण त्यानं न बोलता माझ्या हातातून गन घेतली आणि पाच मिनिटांत काम करून दिलं. मग जायला निघाला, पण ॲनालायझर लावलाय हे बघून थांबला. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोराला स्क्रीनवर वेव्हफॉर्म येणार हे माहीत असेल तर तो जाऊ शकत नाही.

प्रत्येक कीबोर्डवर पन्नास वेळा बटण दाबलं. मी दाबत होतो, तो आकडे लिहीत होता. कॉन्टॅक्टपासून वायरीवर निरोप निघेपर्यंतची सरासरी अशी आली:

पिवळा पीएस/२ (मेकॅनिकलवाल्यांचा): १७ मिलीसेकंद.
यूएसबी (आमचा): १३ मिलीसेकंद.
तिसरा, पीएस/२: ९ मिलीसेकंद.

हे तीन कीबोर्डांचे आकडे आहेत, सगळ्या जगाचे नाहीत. पण आमच्या भांडणापुरते पुरेसे होते. ज्याला मी 'फास्ट' म्हणत होतो तो माझ्या 'स्लो' कीबोर्डपेक्षा ४ मिलीसेकंद मागे होता! त्याची वायर फास्ट होती, पण पोटातला वाढपी म्हातारा होता. आणि दोन पीएस/२ मधला फरक ८ मिलीसेकंद, म्हणजे पीएस/२ आणि यूएसबी यांच्यातल्या फरकाहून जास्त. पोर्ट कुठला यापेक्षा कीबोर्ड कुठला हे महत्त्वाचं.

यूएसबीचे आकडे विखुरलेले होते हेही खरं. कधी ९, कधी १७. ती ८ मिलीसेकंदांची फेरी ग्राफमध्ये स्वच्छ दिसत होती. म्हणजे माझी थिअरी चुकीची नव्हती. मी फक्त एका तुकड्याचा हिशोब पूर्ण रस्त्याचा म्हणून सांगत होतो.

मग आम्ही हरलो कशामुळे?

आता पूर्ण रस्ता मोजायचा होता. फायनलचाच पीसी घेतला. गेममध्ये गोळी झाडायचं काम 'के' कळीला दिलं आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये एलईडी आणि स्क्रीन दोन्ही एका चौकटीत घेतले. सेकंदाला २४० फ्रेम्स, म्हणजे एक फ्रेम ४.२ मिलीसेकंदांची. एलईडी पेटल्यापासून बंदुकीचा जाळ दिसेपर्यंत फ्रेम्स मोजायच्या. कंटाळवाणं काम, पण वीस वेळा केलं.

आमच्या रांगेतला पीसी: सरासरी २० फ्रेम्स, म्हणजे ८३ मिलीसेकंद.
समोरच्या रांगेतला पीसी: १२ फ्रेम्स, म्हणजे ५० मिलीसेकंद.

मी उठून उभाच राहिलो. "बघ! बघ! मी म्हणत नव्हतो?" तेहतीस मिलीसेकंद! आमच्यावर अन्याय झाला होता!

पार्टनर शांतपणे खुर्चीत बसला, कीबोर्डांची अदलाबदल केली आणि परत मोजलं. आमचा पीसी जुन्या पिवळ्या कीबोर्डवरही तसाच स्लो. म्हणजे फरक कीबोर्डचा नव्हताच. मग त्यानं गेमच्या सेटिंग्ज उघडल्या. व्हिडिओच्या पानावर 'व्ही-सिंक' चालू होतं.

व्ही-सिंक म्हणजे मॉनिटरचं एक चित्र रंगवून पूर्ण होईपर्यंत नवीन चित्र रांगेत थांबवून ठेवायचं. त्यामुळे अर्धं जुनं, अर्धं नवं असं फाटकं चित्र दिसत नाही. पण रांगेत थांबलेलं चित्र शिळं होत जातं. ६० हर्ट्झवर दोन चित्रांची रांग झाली की ३३ मिलीसेकंद गेले. बरोबर आमचा आकडा.

"हे कुणी चालू केलं?" त्यानं विचारलं. भांडण झाल्यापासून लाइट सोडून विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी केलं होतं. फायनलच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिसला मला स्क्रीन फाटल्यासारखी दिसत होती, म्हणून मी व्ही-सिंक चालू केलं आणि टीमचा कॅप्टन या नात्यानं माझी कॉन्फिग फाइल पाचही पीसींवर कॉपी केली. सगळ्यांचं सारखं हवं ना!

काका चहा पीत होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी कप जरा जास्तच वेळ तोंडाला लावून ठेवला.

तेहतीस मिलीसेकंदांनी फरक पडतो का?

इथे दोन्ही पार्ट्यांना थोडं थोडं बरोबर म्हणावं लागेल.

'तुमच्या मनात आहे' म्हणणारी पार्टी इतपत बरोबर आहे की एवढा उशीर बहुतेकांना जाणवत नाही. आयबीएमच्या रॉबर्ट मिलरनं १९६८ मध्येच लिहिलं होतं की कळ दाबल्यावर ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळाला तर माणसाला तो लगेच मिळाल्यासारखा वाटतो. गणपतीतलं ढोल-ताशा पथक आठवा. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलीसेकंद लागतात. ताशापासून दहा मीटर मागे असलेल्या ढोलवाल्याला प्रत्येक ठोका ३० मिलीसेकंद उशिरा ऐकू येतो, तरी मिरवणूक कुठे अडत नाही. आणि शत्रू दिसल्यापासून आपलं बोट हलायलाच २०० ते २५० मिलीसेकंद लागतात. टायपिंग करताना, असाइनमेंट लिहिताना कीबोर्डचे ४ मिलीसेकंद शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

'लॅग असतो' म्हणणारी पार्टी इतपत बरोबर आहे की न जाणवणारी गोष्टसुद्धा नुकसान करू शकते. दोन खेळाडू एकाच क्षणी एकमेकांना दिसले आणि दोघांची चपळाई अगदी सारखी असली, तर ज्याच्या रस्त्यात ३३ मिलीसेकंद जास्त आहेत तोच बहुतेक वेळा आधी मरेल. त्याला कधीच कळणार नाही का ते. त्याला फक्त वाटेल, आज नशीब नाहीये.

पण १६-९? सगळं खापर त्यावर फोडता येत नाही. मेकॅनिकलवाले महिनाभर रोज रात्री प्रॅक्टिस करत होते. आम्ही फायनलच्या आदल्या दिवशी जागे झालो होतो. हे मोजायला लॉजिक ॲनालायझर लागत नाही.

घड्याळ कुठून कुठे?

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. आमच्या भांडणात एक जण वायरीवरचा वेळ सांगत होता, दुसरा बोटापासूनचा, तिसरा स्क्रीनवरचा, आणि चौथ्याचं मोजमाप 'मला तसं फील होतं' एवढंच. डॅन लूचे १५ ते ६० आणि आमचे ९ ते १७ हेसुद्धा शेजारी ठेवून चालणार नाहीत, कारण त्याचं घड्याळ बोट हलल्यावर सुरू होतं, आमचं कॉन्टॅक्ट झाल्यावर. प्रत्येकाचं घड्याळ वेगळ्या ठिकाणी सुरू होत होतं आणि वेगळ्या ठिकाणी थांबत होतं. म्हणून सगळेच बरोबर होते आणि तरी भांडण मिटत नव्हतं. पुढच्या वेळी कुणी 'हे फास्ट, ते स्लो' म्हणालं तर आधी विचारा: घड्याळ कुठून कुठपर्यंत?

आणि हॉस्टेलमधल्या गेमर मित्रांसाठी चार कामाच्या गोष्टी. नवा कीबोर्ड घेण्याआधी व्ही-सिंक बंद करून बघा, ते फुकट आहे. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजमध्येही तो आकडा निवडलाय ना ते तपासा, नाहीतर महागाचा मॉनिटर ६० वरच चालत राहतो. टीव्हीला पीसी जोडला असेल तर त्यातला 'गेम मोड' चालू करा. आणि '८००० हर्ट्झ'च्या कीबोर्डवर आईवडिलांचे पैसे घालण्याआधी लक्षात ठेवा, त्यातून वाचतात ते साध्या यूएसबीचे सरासरी ४ मिलीसेकंद. बाकीचा रस्ता तसाच राहतो.

आता अटीचं. त्या रात्री मेसमध्ये मी पार्टनरला सॉरी म्हटलं, पण हळू आवाजात. तो म्हणाला, "आरोप सगळ्यांसमोर केलास, आणि मराठीत केलास. माफीपण तशीच पाहिजे. ग्रुपवर नको, दुसऱ्या दिवशी वर जाते. छापून आण."

म्हणून हे लिहिलंय. माझ्या रूम पार्टनरनं कुणालाही मुद्दाम स्लो कीबोर्ड दिले नव्हते. काकांनी कपाटातून ज्या क्रमानं काढून दिले, त्या क्रमानं त्यानं रात्री दोन वाजेपर्यंत जागून ते लावले. कीबोर्ड कुठले होते हे त्यानं बघितलंही नव्हतं. मी जे बोललो ते चुकीचं होतं, आणि न मोजता बोललो होतो.

लेख छापायला देण्याआधी त्याला वाचायला दिला. त्यानं तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, 'सोल्डरिंग मला जमत नाही' या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, "लाइट बंद करू?"

मी म्हटलं, "थांब, चहा प्यायला जाऊ."